आणि इतर

आमच्या बँकेची एक गृहपत्रिका आहे. ती त्रैमासिक आहे असं तिच्यावर छापलेलं असतं. प्रत्यक्षात ती तिला वाटेल तेव्हा निघते. तिच्या एका अंकात वर्धापनदिनाच्या वाद्यवृंदाचा फोटो आला होता. खाली ओळ होती : ‘डावीकडून महाव्यवस्थापक, उपमहाव्यवस्थापक, विभागीय व्यवस्थापक व त्यांच्या सौभाग्यवती, गायिका, गायक आणि इतर.’ या ‘आणि इतर’मध्ये मी आहे. माझ्या हातात खंजिरी आहे. खंजिरी स्पष्ट दिसते. माझा चेहरा मात्र उपमहाव्यवस्थापकांच्या फेट्यामागे गेला आहे. आणि तो फेटा असा काही बांधला होता, की त्यामागे मी काय, अख्खी शाखा लपली असती.

तो अंक मी मोठ्या हौसेनं घरी नेला. आईनं चष्मा पुसून फोटो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, “यात तू कुठला?” मी खंजिरीवर बोट ठेवलं. “हात तुझाच आहे खरा,” ती म्हणाली, “नखं कापायला झाली आहेत.”

आता मी काही मोठा वादक नाही, हे आधीच सांगून टाकतो. खंजिरी वाजवायला काय लागतं? खंजिरी लागते. तीही आमच्या मनोरंजन मंडळाची होती. तरीपण त्या दोन शब्दांनी मला जरा लागलंच. जमाखर्चात एक ‘इतर किरकोळ खर्च’ असतो. सुतळी, डिंक, टाचण्या, साहेबांच्या पाहुण्यांचा चहा, असं सगळं त्यात येतं. त्यातली एक टाचणी झाल्यासारखं वाटलं.

कालांतरानं मी हे विसरलोही असतो. पण सुट्टीत भाचा आला.

भाचा पुण्याला इंजिनिअरिंग करतो, म्हणजे बेस गिटार वाजवतो. बेस गिटारीला चार तारा असतात. साध्या गिटारीला सहा. दोन तारा कमी असून किंमत जास्त, हे माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या माणसाला पटायला वेळ लागतो. पण त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, ती घेऊन दिली आहे आणि हप्ते आमच्याच बँकेत आहेत, तेव्हा मी बोलत नाही. एका रात्री त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि म्हणाला, “मामा, गाणं ऐकू नकोस. गाण्याच्या खाली काय चाललंय ते ऐक.”

खाली पार्किंगवरून भांडण चाललं होतं. तेवढं मला ऐकू येत होतं. पण पोरगं हट्टाला पेटलं होतं. त्यानं तेच गाणं पाच वेळा लावलं. टेम्प्टेशन्स नावाच्या गायकांच्या ताफ्याचं ‘माय गर्ल’, साल १९६४. पाचव्या वेळी मला ऐकू आलं. सुरुवातीला नुसता बेस, नाडीचे ठोके पडावेत तसा. मग त्याच्यावर एका गिटारीची छोटीशी सुरावट पायरी पायरी चढत जाते. गायकानं अजून तोंड उघडलेलं नाही. आणि तरी जगातला कुठलाही शौकीन तेवढ्यावरून गाणं ओळखतो.

“गाणारे कोण ते सगळ्यांना माहीत आहे,” भाचा म्हणाला. “हे वाजवणारे कोण, सांग.”

मी म्हणालो, “आणि इतर.”

दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहानं मी ते गाणं बँकेत जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना मोबाईलवर ऐकवलं. बेस गायब! भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरातून खर्जातले स्वर नीट उमटतच नाहीत. म्हणजे साठ वर्षांपूर्वी ज्याचं नाव तबकडीवर छापलं नाही, त्याचा आता आवाजही गेला. डब्यातली भाजी मला त्या दिवशी गोड लागली नाही. (ती दुधीची होती हेही एक कारण असेल.)

मग भाच्यानं मला एक माहितीपट दाखवला. ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाऊन’, २००२ सालचा. त्यातून आणि नंतर भाच्याच्या डोक्याला लागून मी जे मिळवलं, ते थोडक्यात असं.

अमेरिकेत डेट्रॉईट नावाचं मोटारींचं शहर आहे. तिथे बेरी गॉर्डी नावाच्या एका कृष्णवर्णीय तरुणानं १९५९ साली घरच्या मंडळींच्या फंडातून ८०० डॉलर कर्ज काढून गाण्यांची कंपनी सुरू केली. कर्ज म्हटलं की माझे कान टवकारतात. तारण काय होतं ते कळलं नाही, पण हे कर्ज बुडीत गेलं नाही एवढं नक्की. हा गृहस्थ आधी मोटारीच्या कारखान्यात कामाला होता. तिथे पट्ट्यावरून सांगाडा सरकत येतो, एक जण चाक लावतो, दुसरा दरवाजा लावतो आणि शेवटी झगझगीत मोटार बाहेर पडते. गॉर्डीनं गाणी तशीच काढायची ठरवली. मोटर टाऊन म्हणून कंपनीचं नाव मोटाऊन. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक घर घेतलं, मागच्या बाजूला पूर्वीच्या मालकाचा फोटो स्टुडिओ होता, त्याचं ध्वनिमुद्रणगृह केलं. जागा इतकी अडचणीची आणि वायरी इतक्या लोंबत्या, की वादक तिला सापांचा खड्डा म्हणायचे. या खड्ड्यात उतरून ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ पासून ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ पर्यंतची गाणी ज्यांनी वाजवली, ते सगळे मूळचे जॅझ वाजवणारे. रात्री क्लबात आपल्या मनासारखं वाजवायचं, दिवसा इथे पोटासाठी. स्वतःला ते ‘फंक ब्रदर्स’ म्हणवून घेत. भाऊभाऊ कोणी नव्हते. आपल्याकडे ऑफिसात सगळ्यांना ‘राव’ म्हणतात, तसंच काहीसं.

सुरुवातीच्या काळात एका गाण्यामागे पाच-दहा डॉलर मिळत. तबकडीच्या वेष्टनावर गायकांचा फोटो, मागे गीतकार-संगीतकारांची नावं. वादकांचं नाव नाही. माहितीपटवाल्यांचा दावा असा, की एल्व्हिस प्रिस्ली, बीटल्स, रोलिंग स्टोन्स आणि बीच बॉइज या सगळ्यांची मिळून जितकी गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, त्यांहून जास्त गाण्यांत हे फंक ब्रदर्स वाजवत होते. दावा मोठा आहे. मी ताळा करून पाहिलेला नाही. पण त्यातली निम्मी जरी मान्य केली, तरी आमच्या गृहपत्रिकेला एक खास अंक काढावा लागला असता.

यांतला बेसवाला होता जेम्स जेमरसन. हा मनुष्य उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा, तर्जनीनं. त्या बोटाला दोस्तमंडळी ‘आकडा’ म्हणत. गिटारीच्या तारा तो बदलतच नसे. आमच्या शाखेतला पंखाही आम्ही बदलत नाही, पण त्यातून संगीत निघत नाही. मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या मुद्रणाला हा इतका झिंगून आला होता की स्टुलावर बसवेना, म्हणून त्यानं जमिनीवर उताणं पडून बेस वाजवला, असं सांगतात. १९७१ साली त्याच तबकडीच्या वेष्टनावर मोटाऊनच्या मोठ्या गायकानं पहिल्यांदा वादकांची नावं छापवून घेतली. जेमरसनच्या नावामागे ‘अतुलनीय’ असं विशेषण होतं. म्हणजे बारा वर्षांनी नाव आलं ते एकदम विशेषणासकट. आणि पुढच्याच वर्षी, १९७२ साली, कंपनीनं बाडबिस्तरा लॉस एंजेलिसला हलवला. वादक सकाळी नेहमीप्रमाणे कामावर आले, तर दारावर चिठ्ठी होती, आज काम नाही.

आमच्याकडे बदलीचा हुकूम निदान हातात देतात.

पण मला सगळ्यात लागली ती गोष्ट जेमरसनची नव्हे. ‘माय गर्ल’मधली ती पायरी पायरी चढणारी गिटार रॉबर्ट व्हाइट नावाच्या वादकानं वाजवली होती. बऱ्याच वर्षांनी, म्हातारपणी, तो एका हॉटेलात जेवायला बसला होता. वेटर ऑर्डर घ्यायला आला आणि नेमकं त्याच वेळी हॉटेलात ‘माय गर्ल’ लागलं. व्हाइटचा चेहरा उजळला. तो वेटरला सांगायला गेला, अरे, हे ऐकतोस ना, हे जे वाजतंय ते... आणि थांबला. काही नाही म्हणाला, आणि जेवणाची ऑर्डर दिली. वेटर गेल्यावर बरोबरच्या माणसाला म्हणाला, त्याला वाटलं असतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. हा प्रसंग त्या बरोबरच्या माणसानंच माहितीपटात सांगितला आहे. व्हाइट १९९४ मध्ये वारला, तेव्हा माहितीपट निघायला अजून आठ वर्षं होती.

भाचा झोपायला गेला. मी मात्र जागा राहिलो. मला तो वेटर दिसत होता, आणि त्याच्या पॅडवर लिहिलेली ऑर्डर.

आता प्रश्न असा, की या माणसाचं नेमकं काय देणं राहिलं होतं? मी बँकेचा माणूस आहे. भावना बाजूला ठेवून हिशेब मांडून बघावा म्हटलं.

कंपनीची बाजू घेऊ. कंपनी म्हणेल, आम्ही काम सांगितलं, त्यांनी केलं, ठरले तेवढे पैसे दिले, पावती झाली, खातं बंद. जोखीम कोणाची? आमची. ८०० डॉलर बुडाले असते तर फंक ब्रदर्स भरून देणार होते का? हा मुद्दा बिनतोड आहे. शिवाय पुढे पुढे जेमरसनला आठवड्याला १,००० डॉलरपर्यंत मिळत होते. त्या काळात ही रक्कम लहान नव्हे. घर चालत होतं, गाडी होती. म्हणजे उपाशी ठेवून राबवलं, असंही सगळ्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही. मी स्वतः आठ तास राबतो, पगार घेतो, आणि ग्राहकाच्या पासबुकावर ‘ही नोंद अमक्यानं केली’ असं माझं नाव छापा, असं काही म्हणत नाही.

आणि खरं सांगू का, आमच्या संगणकात ते नाव असतंच. कोणी नोंद घातली, कोणी तपासली, किती वाजून किती मिनिटांनी, सगळं. फक्त ते बाहेर येतं ते चूक झाल्यावर. बावीस वर्षांत मी लाखो नोंदी बरोबर केल्या असतील. त्यांतली एकही माझ्या नावानं कोणी ओळखत नाही. एकदा एका शून्यानं घोटाळा झाला, तर विभागीय कार्यालयापर्यंत माझं नाव, हुद्दा आणि कर्मचारी क्रमांक आठ जणांना तोंडपाठ झाला.

इथे मला आमच्या कॉलेजातल्या जमाखर्चाच्या सरांची आठवण झाली. आपल्या मराठी हिशेबात दोन बाजू असतात, जमा आणि नावे. सर फळ्यावर नियम लिहायचे : लाभ घेणाऱ्याचं खातं नावे, लाभ देणाऱ्याचं खातं जमा. आम्ही घोकून पाठ केला, मार्क मिळवले आणि विसरलो. त्या रात्री पलंगावर उठून बसलो. ज्याच्या ‘नावे’ पडतं तो देणेकरी! मग तबकडीवर ज्याचं नाव मोठ्या अक्षरांत छापलं, तो आमच्या हिशेबानं कोण झाला? ज्यांनी दिलं ते जमेच्या बाजूला, आणि जमेच्या बाजूला नाव नाही. मी हा शोध हिला उठवून सांगितला. ही म्हणाली, “उद्या पाणी साडेपाचला येणार आहे. झोपा.”

पण झोप लागेना. कारण हिशेब अजून जुळत नव्हता. देणेकऱ्यानं द्यायचं काय? पैसे दिले होते. नाव? नाव म्हणजे काय पगाराचा भाग आहे? आणि चांगलं काम करून नाव मागणं हे बरं दिसतं का? आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की कर्म करावं, फळाची आशा धरू नये. एक आहे, हा उपदेश मला आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी केला, ते सगळे त्या वेळी फळाच्या टोपलीपाशी बसलेले होते. निरोपसमारंभात हा उपदेश नेहमी सत्कारमूर्तीच करतात, गळ्यात हार घालून. सतरंज्या घालणाऱ्यानं केलेला मी अजून ऐकला नाही.

संतांचं बघा. त्यांनी घरदार सोडलं, देहाची पर्वा सोडली, पण अभंगाच्या शेवटच्या ओळीत नाव सोडलं नाही. तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी. यात अहंकार होता असं म्हणण्याची माझी छाती नाही. मला वाटतं, ती सही होती. हे मी म्हणतोय, चुकलं तर मला धरा, अशी. आता त्या अभंगांच्या मागे टाळ धरून उभे असलेले टाळकरी कोण होते, हे विचारू नका. मी खंजिरीवाला आहे, माझा जीव तिकडेच ओढतो.

नावाची हौस सगळ्यांना सारखी नसते हेही खरं. काही जण हुशारीनं वाट काढतात. शिकागोचा विली डिक्सन तरुणपणी मुष्टियुद्ध खेळायचा, पुढे चेस कंपनीत बेस वाजवू लागला, आणि मडी वॉटर्स वगैरे बड्या मंडळींना गाणी लिहून द्यायचा. गाणी पुढे जगभर गेली. लेड झेपेलिन या गोऱ्या ताफ्याच्या एका गाण्यात आपलं गाणं आहे म्हणून त्यानं १९८५ मध्ये दावा लावला आणि १९८७ मध्ये तडजोड करून घेतली. मुष्टियोद्ध्याचं शिक्षण वाया जात नाही. पण त्याच कंपनीतला ओटिस स्पॅन, मडी वॉटर्सचा पियानोवाला, १९७० मध्ये गेला तर त्याच्या थडग्यावर १९९९ पर्यंत दगडसुद्धा नव्हता. पियानोवर नाही तर नाही, निदान तिथे तरी नाव लिहायचं!

जेम्स ब्राऊनचा ढोलवाला क्लाइड स्टबलफील्ड, त्याची तऱ्हा आणखी वेगळी. १९६९ साली ‘फंकी ड्रमर’ या गाण्यात तो काही सेकंद एकटा वाजवतो. ते सेकंद पुढे लोकांनी कापून कापून हजाराहून अधिक गाण्यांत चिकटवले. गाणं कागदोपत्री जेम्स ब्राऊनचं, म्हणून याला त्यातलं काही नाही. गाण्याचं नावच ‘ढोलवाला’, आणि ढोलवाल्याला छदाम नाही. तो म्हणायचा, मला त्याचा त्रास होत नाही, पण हा अनादर आहे. प्रिन्स या बड्या गायकानं त्याच्या आजारपणाची बिलं गुपचूप भरली होती, हे प्रिन्स गेल्यावर बाहेर आलं. म्हणजे इथे देणाऱ्यानंही नाव लपवलं. हिशेबात अशी नोंद कुठे टाकावी मला कळत नाही. उचंत खात्यात राहू दे.

दूर कशाला, आपल्या मुंबईच्या स्टुडिओंतले गोवेकर वादक घ्या. अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७ पासून देशातल्या पोराटोरांना पाठ आहे, पण ते प्यारेलालना व्हायोलिन शिकवणाऱ्या एका खऱ्या माणसाचं नाव होतं, हे किती जणांना ठाऊक होतं? त्यांचं नाव राहिलं आणि माणूसच ‘इतर’मध्ये गेला. पण तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

जेमरसनचं सांगायचं राहिलं. कंपनीमागोमाग तोही लॉस एंजेलिसला गेला, पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही. दारू वाढली, काम आटलं. १९८३ साली मोटाऊनच्या पंचवीस वर्षांचा भव्य सोहळा पॅसाडेनाला झाला. मायकेल जॅक्सननं तो प्रसिद्ध मागे मागे सरकणारा नाच टीव्हीवर पहिल्यांदा दाखवला, तोच हा सोहळा. जेमरसनला बोलावणं नव्हतं. तो तिकीट काढून गेला आणि मागे, वर बाल्कनीत बसून त्यानं कार्यक्रम बघितला. त्याच वर्षी २ ऑगस्टला तो वारला. वय ४७. माझ्यापेक्षा फार मोठा नव्हता. २००० साली त्याचं नाव तिकडच्या मानाच्या यादीत घातलं, आणि २००४ मध्ये फंक ब्रदर्सना जीवनगौरवाचं ग्रॅमी मिळालं.

बाल्कनीत बसलेला जेमरसन माहितीपटात आला, तेव्हा मी भाच्याला म्हणालो, जरा थांबव. भाच्याला वाटलं मला पाणी हवंय. मला पाणी नको होतं. मला आमचे अण्णा आठवले होते.

अण्णा आमच्या तालुक्याच्या शाखेत दफ्तरी होते. मी तिथे चार वर्षं काढली. दुपारी गर्दी ओसरली की मागच्या जिन्यात आम्ही चहा घेत असू आणि अण्णा गोष्टी सांगत. त्यांतली एक म्हशीची. सरकारी योजनेत म्हशीसाठी कर्जं वाटली होती. पाहणीला साहेब आले. पहिल्या घरी म्हैस दाखवली. साहेब जीपनं रस्त्यानं दुसऱ्या घरी जाईपर्यंत तीच म्हैस बांधावरून पळवत दुसऱ्या घरी. तिथे तिची शिंगं रंगवलेली. तिसऱ्या घरी तेल चोपडलेलं. चौथ्या घरी कपाळाला कुंकू. अशी सात घरं. सातव्या घरी म्हैस बसली ती उठेना. साहेबांनी शेरा मारला : ‘सर्व जनावरे एकाच उत्तम वंशाची असून प्रकृती समाधानकारक. एक किंचित थकलेले.’

ही गोष्ट मी लिहून काढली. ‘सात घरची म्हैस’. बँकेच्या साहित्य मंडळाच्या विनोदी लेखन स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं. शाल, श्रीफळ आणि १,००१ रुपये. समारंभात मला ती वाचायला लावली. लेखात पाहणीला गेलेला माणूस ‘मी’ होतो. अण्णांनी खुर्च्या मांडल्या होत्या, त्यामुळे ते शेवटच्या रांगेत बसले होते. मी वाचत होतो, लोक हसत होते. आणि प्रत्येक हशाच्या एक क्षण आधी मागून एक हसणं ऐकू येत होतं. पुढे काय येणार ते त्यांना माहीत होतं ना! समारंभ संपल्यावर अण्णांनी माझा नारळ पिशवीत घालून एस. टी. स्टँडपर्यंत आणून दिला.

मी तेव्हा मनाशी काय म्हटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मी म्हटलं, गोष्ट काय कोणीही सांगतो, लिहिली मी. आणि चहाचे पैसे रोज मीच देत होतो. दहा रुपये. पाच-दहा डॉलरचा आकडा ऐकून मला कंपनीचा एवढा राग का आला, ते आता लक्षात आलं असेल.

तुमच्या हातातल्या या संग्रहात ती म्हैस आहे. मुद्रितं माझ्या टेबलावरच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांना फोन लावला. ते निवृत्त होऊन गावी राहतात.

“अण्णा, पुस्तकात तुमचं नाव टाकतोय.”

पलीकडे शांतता. मग दबल्या आवाजात, “का? काय चौकशी लागली काय भाऊसाहेब?”

“चौकशी नाही हो. म्हशीच्या लेखात.”

“त्या म्हशीचं अजून चाललंय? कर्ज तर माफ झालं तिचं.”

मी सगळं समजावून सांगितलं. गोष्ट तुमची होती, मी माझ्या नावावर खपवली, बक्षीस घेतलं, वगैरे. खरं तर रात्रभर मी बरीच मोठी वाक्यं जुळवली होती. अण्णांनी ती निम्म्यावर तोडली.

“माझी कुठली? ती आधीच्या दफ्तरीची. त्यानं कुठं ऐकली असंल देव जाणे. मी गेलतो सायबाबरोबर, तवा घरं तीनच होती. सात त्यानं केली. त्याचं नाव टाकायचं तर टाका, पर तो बी वारला.”

माझा सगळा जमाखर्च कोलमडला. ब्लूजचंही असंच असतं म्हणे. कोणी कोणाचं घेतलं याचा माग काढत गेलं तर शेवटी कापसाच्या शेतात एक निनावी माणूस गुणगुणत असतो. मी फोन ठेवायच्या बेतात होतो. तेवढ्यात अण्णा म्हणाले, “एक सांगू का भाऊसाहेब? राग मानू नका.”

“सांगा.”

“दुसऱ्या घरी मी त्या म्हशीला पाणी पाजलं होतं. भर उन्हात पळवत आणत होते तिला, अन् पाणी कुणीच पाजीना. ज्याला त्याला वाटायचं, मागल्या घरी पाजलं असंल. अख्खी बादली प्याली एका दमात. तेवढं माझं होतं. ते तुम्ही लिवलं नाही.”

“पण हे तुम्ही मला कधी सांगितलं होतं?”

“सांगितलं की. जिन्यात, तवाच. तुम्ही हसला नाही, म्हणून मग मी फुडचं सांगितलं.”

मुद्रितं काढून बघितली. दुसरं घर अडीच ओळींत संपलं होतं. समासात जागा थोडी होती. पेन्सिलीनं तिथे ‘बादली’ एवढं लिहिलं आणि आंघोळीला गेलो, कारण नऊ-दहाची गाडी चुकली असती.